गडगा मागे घेतला का? ख्रिस्ती पश्चात्ताप, सोप्या भाषेत

कोकणात शिमग्याची लगबग सुरू होते, साधारण त्याच सुमारास वसईपासून सावंतवाडीपर्यंतच्या चर्चमध्ये लोक कपाळावर राख लावून घेताना दिसतात. हा राखेचा बुधवार, ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. २०२६ साली तो १८ फेब्रुवारीला आला. ही राख मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, आशीर्वादित केलेल्या झावळ्यांची असते. वाळलेल्या झावळ्या जाळायच्या आणि राख बारीक करून घ्यायची. ती लावताना धर्मगुरू म्हणतात त्या वाक्यांपैकी एक असं: पश्चात्ताप करा आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेवा.

कपाळावरची राख बघून एसटीत शेजारी बसलेल्याला प्रश्न पडतो. तो तोंडावर विचारत नाही, पण मनात एक जुना, जरासा खवचट समज असतो: "यांचं बरं आहे. पाप करायचं, फादरच्या कानात सांगायचं, की खातं कोरं." हा समज काही फक्त बाहेरच्यांचा नाही. दर आठवड्याला मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाणाऱ्या कितीतरी घरांतही तो मुरलेला आहे. तो चूक आहे. कुठे चूक आहे ते पाहायला एक गडगा मदतीला घेऊ.

समजा, दोन बागांच्या मधोमध जांभ्या दगडाचा नुसता रचलेला गडगा आहे, शंभर फूट लांब. पावसाळ्यात तो ढासळला. पुन्हा रचताना एकाने तो शेजाऱ्याच्या बाजूला दोन फूट सरकवला. जागा गेली दोनशे चौरस फूट. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, म्हणजे पाव गुंठासुद्धा नाही. तेवढ्यावरून कोकणात दोन पिढ्या एकमेकांच्या घरी गणपतीला जात नाहीत, हे वेगळं सांगायला नको. पुढे काही वर्षांनी सरकवणाऱ्याचं मन खाऊ लागलं. झोप लागेना. देवापुढे बसून रडला. गडगा मात्र होता तिथेच.

त्याला पश्चात्ताप झाला का? मराठी शब्दकोशाला विचाराल तर हो. बायबलला विचाराल तर अजून नाही. बायबलला हा गुन्हा चांगला ठाऊक आहे बरं का. त्यातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या २७व्या अध्यायात शापांची एक यादी आहे आणि तिच्यात शेजाऱ्याची शीव सरकवणाऱ्यासाठी एक स्वतंत्र शाप राखून ठेवला आहे.

## गोम शब्दातच आहे

पश्चात्ताप म्हणजे पश्चात् अधिक ताप. नंतर होणारी काहिली. आपण 'पश्चात्तापदग्ध' असंही म्हणतो, म्हणजे त्या आगीत पार भाजून निघालेला. शब्द सुंदर आहे, पण त्याचं तोंड मागे आहे. झालेल्या गोष्टीकडे बघत पोळत राहणं, एवढंच तो सांगतो.

बायबलच्या मूळ भाषांतले शब्द वेगळे आहेत. जुन्या करारातला, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागातला, हिब्रू शब्द 'शूव'. त्याचा अर्थ वळणं, परत फिरणं. वाट चुकलेला माणूस उलट्या पावली येतो ना, तेच. नव्या करारातला, म्हणजे येशू आणि त्याच्या शिष्यांबद्दलच्या दुसऱ्या भागातला, ग्रीक शब्द 'मेटानोइया', म्हणजे मन बदलणं, बघण्याची रीतच पालटणं. दोन्हींत पोळणं दुय्यम, वळणं मुख्य. मराठीत 'मनपालट' जास्त जवळ जातो, पण पश्चात्ताप रूढ झाला तो झाला.

'शूव' कोकणाला परका नाही. अलिबाग-रेवदंडा पट्ट्यातल्या बेने इस्राएल यहुद्यांचा, ज्यांना गावकरी शनिवार तेली म्हणत, सगळ्यात मोठा उपास योम किप्पूरचा, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा. त्याला ते 'दारफाळणीचा सण' म्हणत. त्या दिवसाबद्दल यहुदी परंपरेचा जुना दंडक असा: देवाच्या बाबतीत केलेले दोष त्या दिवशी फिटतात. माणसाच्या बाबतीत केलेले मात्र, त्या माणसाकडे जाऊन त्याची समजूत काढेपर्यंत फिटत नाहीत. येशू याच परंपरेत वाढला. मत्तयने लिहिलेल्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्राच्या, ५व्या अध्यायात तो सांगतो की वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव. आधी जाऊन समेट कर, मग ये. मिस्सा अर्धवट टाकून शेजाऱ्याच्या अंगणात जायला सांगणारं हे वाक्य आहे.

## पस्तावले दोघेही

नुसत्या वाईट वाटण्यात आणि पश्चात्तापात फरक काय, हे दाखवायला बायबलमधली एकच रात्र पुरते. येशूला पकडलं त्या रात्री दोन शिष्य चुकले. यहूदा इस्कर्योताने त्याला चांदीच्या ३० नाण्यांना विकलं. पेत्राने, मी त्या माणसाला ओळखतही नाही, असं तीनदा सांगितलं.

आता यहूदाने पुढे काय केलं ते नीट बघा. त्याला पस्तावा झाला. "मी पाप केलं" असं त्याने तोंडाने कबूल केलं. नाणी मंदिरात फेकून परत केली. वाईट वाटणं, कबुली, परतफेड, सगळं झालं. मग त्याने गळफास घेतला. पेत्राने ना कबुली दिली, ना परतफेड केली. तो बाहेर जाऊन ढसाढसा रडला, पण राहिला तिथेच, इतर शिष्यांमध्ये. योहानाच्या शुभवर्तमानात शेवटी येशू त्याला समुद्रकाठी, कोळशाच्या विस्तवावर भाजलेली मासळी खाऊ घालून, तीनदा विचारतो: माझ्यावर प्रेम करतोस का? तीन नकारांना तीन प्रश्न.

यहूदाच्या पस्ताव्यासाठी मत्तय मेटानोइया वापरत नाही, 'खंत वाटणे' अशा अर्थाचं दुसरं क्रियापद वापरतो. यावर फार इमले बांधू नयेत, कारण तेच क्रियापद मत्तयनेच २१व्या अध्यायात चांगल्या अर्थानेही वापरलंय: आधी "जात नाही" म्हणणारा आणि नंतर मळ्यात जाणारा मुलगा. फरक क्रियापदात शोधण्यापेक्षा पावलं कुठे गेली ते पाहावं. सुरुवातीच्या काळातला धर्मप्रचारक पौल याने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (७:१०) तो थोडक्यात मांडलाय. एक दुःख देवाकडे नेतं, दुसरं जगाचं दुःख मरणाकडे. पहिल्याला विचारायचं असतं, मी कोणाचं काय केलं? दुसऱ्याचा सगळा जीव 'माझं काय होणार, लोक काय म्हणतील' यात अडकलेला.

## मनाने, तोंडाने, हाताने

मध्ययुगापासून चर्च पश्चात्तापाचे तीन भाग सांगत आलंय: मनाचा अनुताप, तोंडाची कबुली, हाताची भरपाई. 'अनुताप' आपल्याला वारकरी संतांच्या अभंगांतून ओळखीचा आहे, त्यामुळे तो शब्द समजावत बसायला नको.

मात्र अनुतापाच्या पोटात एक गोष्ट असावीच लागते, ती म्हणजे पुन्हा न करण्याचा निश्चय. हा निश्चय भावनेवर अवलंबून नाही. डोळ्यांत पाणी आलं नाही म्हणून पश्चात्ताप खोटा ठरत नाही. उलट पाण्याचे लोट वाहिले पण निश्चय नाही, तर तो खरा ठरत नाही.

हेतू शुद्धच हवा का? नरकाच्या भीतीने सुधारलेला माणूस चालतो का? कॅथलिक शिकवणूक इथे बरीच व्यवहारी आहे. हायवेवर पोलीस दिसला की हेल्मेट घालणारा आणि घरी वाट बघणाऱ्यांसाठी घालणारा, दोघांच्या डोक्यावर हेल्मेट आहे. भीतीपोटीचा अनुताप अपुरा म्हणायचा, प्रेमापोटीचा पूर्ण. पण पापनिवेदनाला, म्हणजे धर्मगुरूपुढे पाप कबूल करायला, यायला अपुराही पुरतो. सुरुवात कुठून का होईना.

## भरपाई किती?

बहुतेकांना हा भाग माहीत नसतो, आणि माझ्या मते सगळा कणा इथेच आहे.

जुन्या करारातल्या 'गणना' या पुस्तकाच्या ५व्या अध्यायातला नियम: दोषी माणसाने कबुली द्यावी, घेतलेलं पूर्ण परत करावं, वर पाचवा हिस्सा घालावा, आणि हे ज्याचं नुकसान झालं त्याच्या हातात द्यावं. नाखव्याने हंगामाच्या शेवटच्या हिशेबात खलाशाचे दहा हजार दाबले असतील, तर परत करायचे बारा हजार. चोरून कापलेल्या किंवा विकलेल्या जनावराचा दर याहून कडक. 'निर्गम' या पुस्तकाच्या २२व्या अध्यायाप्रमाणे एका मेंढराला चार, एका बैलाला पाच.

यरीहोचा जक्कय हा जकातदारांचा मुख्य. येशूला बघायला तो उंबरावर चढून बसला होता. येशू त्याच्या घरी गेला तेव्हा जक्कयने सांगितलं की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कोणाला नाडून काही घेतलं असेल तर चौपट परत करतो. म्हणजे आपणहून कबूल करणाऱ्याला लागू असलेला पाचवा हिस्सा सोडून त्याने चोरीचा दर स्वतःला लावला. बारा हजारांच्या जागी चाळीस हजार. या घराला आज तारण मिळालं, हे येशूचे शब्द त्यानंतर येतात.

आज चर्च पाचवा हिस्सा किंवा चौपट असा दर लावत नाही. पण मूळ रक्कम आणि तिच्यामुळे झालेलं नुकसान परत करण्याचं बंधन उठलेलं नाही. कॅथलिक चर्चच्या अधिकृत शिकवणुकीत स्पष्ट लिहिलंय की पापक्षमेने पाप जातं, पापाने केलेली मोडतोड आपोआप दुरुस्त होत नाही. चोरलेलं परत करा, बदनामी केली असेल तर नाव पूर्ववत करा, इजा केली असेल तर भरपाई द्या. गडग्याच्या भाषेत, क्षमा मिळाली तरी ते दोनशे चौरस फूट तुमचे होत नाहीत.

अडचणी येतात त्या पुढे. शेजारी वारला असेल तर? वारसांना द्यायचं, मग ते मुंबईत असोत नाहीतर दुबईत. ज्याचं नुकसान केलं तो माणूसच माहीत नसेल तर? परराज्यातला आंबा देवगडच्या पेटीत भरून विकणाऱ्याची अडचण हीच. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ही फसवणूक गिऱ्हाइकाची तशीच देवगडच्या बागायतदाराचीही. गिऱ्हाईक शोधून सापडणार नाही. अशा वेळी नैतिक शिकवणूक सांगते की त्या फसवणुकीतून झालेला नफा गरिबांसाठी द्यावा. त्याआधी अर्थातच पेटीवरचं नाव बदलायचं. नफ्यातला थोडा भाग चर्चच्या फेस्ताला (वार्षिक सणाला) देऊन उरलेला धंदा चालू ठेवणं, याला भरपाई म्हणत नाहीत. आणि एकदम द्यायची ऐपत नसेल तर हप्त्याने द्यावं, पण हप्ता ठरवावा.

पैशापेक्षा अब्रू परत करणं अवघड. इथे साधा हिशेब: जिथे बोललात तिथेच मागे घ्यायचं. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाबद्दल खोटं पसरवलं आणि माफी मात्र त्याला एकट्याला फोनवर मागितली, तर ग्रुपवरच्या शंभर जणांच्या डोक्यात ते खोटं तसंच राहिलं.

आता थोडं उपासाबद्दल. कॅथलिक नियमांत उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य, मासे चालतात. कोकणात याचा अर्थ काय होतो ते तुम्हीच बघा. सुरमईची तुकडी आणि सोलकढी समोर घेऊन केलेला त्याग! यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकात (अध्याय ५८) देव हेच सुनावतो: उपासाच्या दिवशीही तुम्ही मजुरांना पिळून काढता. भुकेल्याला भाकरी द्या, जू मोडा, तो माझा उपास.

## कुमसारात काय होतं, काय बिघडतं

पापनिवेदनाला सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे कोंकणीतला 'कुमसार' शब्द चालतो. पोर्तुगीजांकडून आलेला. गंभीर पापं असतील तर कॅथलिक माणसाने वर्षातून निदान एकदा जावं, असा नियम आहे.

कुमसारातला बराचसा वेळ खरं तर आत जाण्याआधीचा. दहा आज्ञा समोर ठेवून किंवा आपल्या एकेका नात्यावरून मन तपासायचं: घरचे, कामावरचे, ज्यांचे पैसे देणं लागतो ते. आत गेल्यावर गंभीर पापांबाबत काय केलं आणि साधारण किती वेळा, एवढं सांगायचं. धर्मगुरू एखादा प्रश्न विचारतात, सल्ला देतात, प्रायश्चित्त देतात आणि क्षमेचे शब्द उच्चारतात. प्रायश्चित्त म्हणजे एखादी प्रार्थना, उपास, सेवेचं काम. तो दंड नव्हे, आजारातून उठलेल्याला चालायला लावतात तसा व्यायाम आहे. ऐकलेलं बाहेर फोडायला धर्मगुरूला कोणत्याही परिस्थितीत मनाई आहे. आणि फारशी माहीत नसलेली गोष्ट: सुधारण्याचा इरादाच नाही असं दिसलं, तर तो क्षमा रोखून धरू शकतो. खातं कोरं करून देणारी खिडकी ती नव्हे.

बिघडतं ते बहुधा ठरावीक ठिकाणी. "माझ्याकडून काही चुकलं असेल तर..." यातलं 'असेल तर' काढल्याशिवाय ती कबुली होत नाही. दुसरी खोड खास आपली. गाऱ्हाणं घालायची. सून अशी वागते म्हणून मी बोलले, भावाने कागद दाबले म्हणून मी शिव्या दिल्या. देवळात गाऱ्हाणं जगाविरुद्ध घालतात, इथे ते स्वतःविरुद्ध घालायचं असतं, आणि 'व्हय महाराजा' म्हणायला मागे कोणी नसतं.

तिसरी चूक जास्त महागात पडते. माणूस पाप सोडायचं ठरवतो, पण पापाची वाट सोडत नाही. दारू सोडणारा संध्याकाळी त्याच बारवरून घरी येतो, मटका सोडणारा त्याच टपरीवर पान खातो. धर्मगुरू याला 'पापाचा प्रसंग' म्हणतात आणि तो टाळणं निश्चयाचाच भाग मानतात. निश्चय म्हणजे नेमकं काय, असं विचारलं तर उत्तर असंच निघतं: उद्यापासून खालच्या आळीतून येईन, पगार बायकोच्या खात्यात जाईल, त्या माणसाचा नंबर काढून टाकेन. पौलही इफिसकरांना लिहिताना चोराला नुसतं "चोरी सोड" म्हणत नाही. हातांनी काम कर, म्हणजे गरजूला द्यायला तुझ्याकडे काही असेल, इथवर तो नेतो.

## फादर मध्ये कशाला?

प्रॉटेस्टंट मंडळी हे विचारतातच. सुरुवातीच्या शतकांत मोठ्या पापांचं प्रायश्चित्त उघड, सगळ्या मंडळीदेखत आणि बहुधा आयुष्यात एकदाच असे. खाजगीत, वारंवार पापनिवेदन करण्याची रीत आयर्लंडच्या मठवासीयांनी साधारण सहाव्या-सातव्या शतकापासून पसरवली. १२१५च्या लॅटरन परिषदेने, म्हणजे चर्चच्या धर्माधिकाऱ्यांच्या सभेने, वर्षातून एकदा हा नियम घातला. पुढे पापाच्या शिक्षेत सूट देणारी पत्रं पैसे घेऊन दिली जाऊ लागली, आणि ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी मार्टिन ल्यूथरने आपली ९५ विधानं मांडली. त्यातलं पहिलंच सांगतं की ख्रिस्ताने "पश्चात्ताप करा" म्हटलं तेव्हा त्याला श्रद्धावंताचं सबंध आयुष्यच पश्चात्तापाचं हवं होतं.

म्हणून प्रॉटेस्टंट उपासनेत कबुली थेट देवापुढे, सगळ्यांनी मिळून होते. भांडण धर्मगुरूच्या अधिकारावरून आहे, गडग्यावरून नाही. तो मागे घ्यायचा यावर दोन्हीकडे एकमत.

## मग पुन्हा घसरलं तर?

निश्चय करताना "मी पुन्हा पडेन बहुतेक" अशी धास्ती असणं वेगळं आणि "पुढच्या शनिवारी परत बसूच" असा बेत असणं वेगळं. पहिला पश्चात्ताप खरा असू शकतो, दुसरा नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या १७व्या अध्यायात दिवसातून सात वेळा चुकून सात वेळा परत येणाऱ्यालाही क्षमा करा असं सांगितलंय. त्याच वेळी पौल रोमकरांना बजावतो, कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं काय? मुळीच नाही.

काहींचा त्रास नेमका उलटा असतो. सांगून झालेलं पाप पुन्हा पुन्हा सांगायचं, क्षमा झाली की नाही याची रात्रंदिवस शंका. लॅटिनमध्ये याचं नाव वहाणेत शिरलेल्या टोकदार खड्यावरून पडलंय. अशांना जुना सल्ला असा की एकच धर्मगुरू ठरवा, त्याचं ऐका, आणि झालेलं परत उकरू नका. शंका थांबतच नसतील तर मनोविकारतज्ज्ञाकडे जावं. यात अश्रद्धा काही नाही.

खरं वळणं ओळखायची बायबलमधली कसोटी जुन्या करारातल्या योसेफाच्या गोष्टीत आहे. भावांनी त्याला चांदीच्या २० नाण्यांना विकलं होतं, आणि विकूया ही कल्पना यहूदाची (हा यहूदा वेगळा, याकोबाचा मुलगा). वर्षानुवर्षांनी मिसरचा अधिकारी झालेला योसेफ मुद्दाम तसाच पेच उभा करतो. बापाचा लाडका धाकटा बन्यामीन अडकलाय, त्याला सोडून बाकीच्यांना सुखरूप घरी जाता येईल. यहूदा पुढे होतो आणि म्हणतो, याच्याऐवजी मला गुलाम ठेवा. तीच संधी, तोच माणूस, वागणं वेगळं. तेव्हा कुठे योसेफ स्वतःची ओळख देतो. त्याने त्यांच्या रडण्याची वाट पाहिली नाही.

## समोरच्याने माफ केलंच पाहिजे का?

इथे शिकवणुकीचा गैरवापर फार होतो. रात्री दारू पिऊन हात उचलणारा नवरा सकाळी पाया पडतो, आणि नातेवाईक बायकोला, सत्तर वेळा सात क्षमा कर, हे येशूचे शब्द आठवून देतात. मनातला सूड सोडणं ही क्षमा आहे. त्याच घरात, त्याच हाताखाली परत राहायला जाणं हा विश्वास आहे, आणि विश्वास वागण्याने, वेळ देऊन परत मिळवावा लागतो. पोलिसांत तक्रार केली म्हणून क्षमा खोटी ठरत नाही. पश्चात्ताप खरा असेल तर शिक्षा चुकवण्यासाठी तो वापरला जात नाही. "मला माफ कर" ही विनंती असते, तिच्यावर मुदत घालता येत नाही.

त्यामुळे आपल्या गडगेवाल्यानेही शेजाऱ्याकडून माफीची अपेक्षा ठेवून येऊ नये. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा, मोजणीच्या दिवशी दोघांसमक्ष खुणा करून घ्याव्यात, दगड उतरवून मूळ हद्दीवर रचावेत. मधल्या वर्षांत त्या दोन फुटांत लावलेली माडाची रोपं मोठी झाली असतील तर ती आता शेजाऱ्याची. शेजारी खुणांपाशी उभा राहून बघेल, कदाचित अवाक्षरही बोलणार नाही, चहाही विचारणार नाही. आणि मोजणीची फी पूर्ण सरकवणाऱ्याने भरायची, निम्मी निम्मी नाही.